कुठे ओढतंय

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी ती एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या कोटावर काम करत होती. कोट नुसता कच्च्या टाक्यांवर जोडलेला. बाई आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "छान झालाय हो."

"छान राहू दे. बसा," आई म्हणाली.

बाई बसल्या.

"आता फळ्यावर लिहायचात तसा हात वर करा. कुठे ओढतंय?"

"काखेत. जरासंच."

"मग तेच सांगा ना. तुमचं छान घेऊन मी काय करू?"

तोंडात टाचण्या धरून ती गुडघ्यांवर बसली आणि अख्खी बाही उसवून टाकली. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. मला त्यात बघण्यासारखं कधी काही दिसलं नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, "तुझे पैसेवाले काय म्हणाले?"

मी औषधाची डबी बनवली होती. झाकण उघडलं की परगावी राहणाऱ्या मुलांना फोनवर कळायचं, आईने गोळी घेतली. चार गुंतवणूकदारांना भेटून झालं होतं. कंपनी चालवायची की बंद करायची, हे त्यांच्यावर होतं.

"सगळे छान म्हणाले. कळवतो म्हणाले."

"म्हणजे उभ्या उभ्या बघितलं त्यांनी. आणि तू कडक इस्त्री करून नेतेस. इस्त्रीच्या कपड्याला टाचणी लावायला कोण धजेल, बाई?"

"आई, ते कपडे शिवायला येत नाहीत."

"बरं," ती म्हणाली आणि दोरा ओवू लागली.

निघताना मी विचारलं, "तुझी डबी कशी चाललीय?"

"छान आहे गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोनवर झाकण उघडल्याची खूण आली. दहाला शेजारच्या काकूंचा फोन आला. हृदय थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, औषधं घेण्यात कसूर नव्हती.

पंधरा दिवसांनी मी तिचं शिवणाचं टेबल आवरलं. गोळ्या बटणांच्या डब्यात होत्या, सुट्ट्या, हाताला येतील अशा. माझ्या डबीतले सातही कप्पे कोरे होते. त्यांच्या खिट्ट्या मी स्वतः उघडून पाहिल्या. नख लावावं लागलं. सुया टोचून टोचून आईची बोटं बधिर झालेली. गोळी बटणांतून घ्यायची आणि रोज आठला माझ्यासाठी रिकाम्या डबीचं झाकण उघडायचं. दोनशे अकरा दिवस. मी ती खिट्टी कितीतरी वेळ उघडत-मिटत बसले.

पहिल्या भेटीत सर्वांत गोड बोललेल्या गुंतवणूकदार बाईंकडे मी पुन्हा गेले. साठीच्या पुढच्या, बोटांचे सांधे सुजलेले. लॅपटॉप पिशवीतच ठेवला. आईची डबी टेबलावर ठेवून म्हटलं, "आतला कप्पा उघडा."

त्यांनी आधी अंगठ्याने पाहिलं, मग पेनाच्या टोकाने. मी मदत केली नाही. आईनेही केली नसती.

"कुठे ओढतंय?" मी विचारलं.

त्यांनी डबी खाली ठेवली. "मागच्या वेळीच कळलं होतं मला. पण तू इतक्या उमेदीने बोलत होतीस, जीभ रेटेना." मग म्हणाल्या, "ही डबी आईसाठी नाहीच. लेकीसाठी आहे. झाकण हललं की लेकीचा जीव भांड्यात पडतो. आईचं काय झालं, ते डबीला कळतच नाही. आज मी यात पैसे घालणार नाही."

"आणखी?"

त्या थबकल्या, आणि मग तासभर बोलत राहिल्या. खिट्टी, आवाज, किंमत, माझ्या तक्त्यांमधले नुसते उघडलेल्या झाकणांचे आकडे. शिवण उसवत गेली आणि आतलं कापड दिसत गेलं. मी लिहून घेत होते. गुडघ्यांवर बसलेल्या एका बाईने हे रोज केलं होतं, माझ्यासमोर, एका प्रश्नावर.

"उसवून पुन्हा जोड," त्या म्हणाल्या. "मग ये. पण असं विचारायला तुला शिकवलं कोणी?"

प्रत्येक सादरीकरणात माझी ओळख ठरलेली असायची: आई फॅशन डिझायनर. या खोलीतही मी ती एकदा सांगितली होती.

"माझ्या आईने," मी म्हणाले. "मागे मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती डिझायनर नव्हती. लोकांचे कपडे शिवायची. माझी आई शिंपीण होती."