जोडीचा आवाज

"माइक तिच्याकडे सरकव," थोंगसायकाका म्हणाले.

"काका, काकूंच्या गळ्यातून नुसता वारा येतो. माइक काय चाटायचाय?" प्रोजेक्टरवरची धूळ पुसत मी म्हणालो.

पिकुनकाकूंनी माझ्या टाळक्यात टपली मारली आणि माइक स्वतःच ओढून घेतला.

देवळासमोर पडदा लागला होता. पुढच्या लाल खुर्च्या रिकाम्या. त्या देवाच्या आणि त्याच्या गणगोताच्या. मागे चटईवर एकटी बुनरुआन. सक्तीच्या लष्करभरतीच्या सोडतीत पोराला काळी चिठ्ठी यावी, तो सुटावा, म्हणून ती नवस बोलली होती: सिनेमा दाखवीन, तोही थोंगसाय-पिकुन या जोडीच्याच आवाजात. काळी चिठ्ठी आली. नवस अर्धा फेडला तर देव दिलेलं परत नेतो, हे आमच्या इसान मुलखात शेंबडं पोरही सांगेल. घशाच्या शस्त्रक्रियेत काकूंचा आवाज गेला, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मुक्या रिळांना माइकवरून जागच्या जागी आवाज देत या दोघांनी हयात घालवली. शिकलेले असल्या नवसांना भोळसटपणा म्हणतात. म्हणोत. मंत्र्यांच्या भाषणांना टाळ्या तेच वाजवतात.

"देवाला फसवायचं?" मी विचारलं.

"देवाला नाही रे, त्या बाईला. देवाचं मी बघतो."

सिनेमा जादूगाराचा. तो बायकोला पेटीत कोंडतो, पेटी उघडतो, आत कुणी नाही. काकू ओठ हलवू लागल्या आणि मी रीळ विसरलो. काका मागे दुसऱ्या माइकवर, तोंडापुढे फडकं धरून बसलेले; आवाज मात्र काकूंचा. तीच ठसक, वाक्याच्या शेवटी तोच लाडिक हेल. जन्मभर शेजारी बसून माणूस दुसऱ्यात इतका मुरतो? युक्ती मला ठाऊक होती, फडकं दिसत होतं, तरी मी काकूंच्याच तोंडाकडे बघत राहिलो.

शेवटी जादूगार बंद पेटीला विचारतो, "आहेस ना?" काकांनी त्याच्या आवाजात विचारलं. आतून बायकोने "आहे" म्हणायचं.

काका काकूंच्या पाठीकडे बघत राहिले. फडक्याआडून काहीच येईना. बुनरुआनने मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काकू माइकवर वाकल्या. खरवडत एक श्वास निघाला, फाटक्या भात्यासारखा. शब्द नव्हताच त्यात. भोंग्यातून तो वारा रिकाम्या खुर्च्यांवरून, भातखाचरांवरून गेला.

बुनरुआनने चटईला कपाळ टेकवलं. देवळाकडे नाही, आमच्याकडे तोंड करून.

दिवे लागल्यावर ती आली. "पिकुनताई, घसा बसलाय वाटतं. आलं उकळून घ्या. पण ते शेवटचं 'आहे' काय म्हणालात हो! माझं पोर वाचलं."

काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

काका पाठ फिरवून वायर गुंडाळत होते. वायर केव्हाच संपली होती, हात मात्र फिरत होता.