पश्चिमेकडचा कोपरा

दाराच्या कडेच्या पट्टीचा शेवटचा स्क्रू घट्ट पिळून तिनं अंगठ्यानं कड दाबून पाहिली. बाहेरून बघणाऱ्याला पट्टी अगदी चोख बसलेली दिसत होती. पट्टीमागे जे जाड रबर बसायला हवं होतं, ते मात्र रस्त्यावरच्या टेंपोत गुंडाळून पडलं होतं, आणि तिथंच राहणार होतं.

काकांच्या लाकूडकामाच्या कारखान्याची दोन्ही सरकती दारं कालच तिच्या माणसांनी रुळावर चढवली होती. एका बोटानं ढकललं तरी मुकाट सरकत होती. आज उरलं होतं ते पाणी अडवायचं काम: वर पत्र्याची झापड, खाली ब्रश, दोन्ही अंगांना रबर. त्यासाठी तिनं कुणालाच बरोबर आणलं नव्हतं. हे काम तिला एकटीनं करायचं होतं.

पश्चिमेच्या भिंतीला खाली पोट आलं होतं, त्यामुळे दार आणि भिंत यांच्यात वेडीवाकडी, बोटभर फट राही. या पोटापुढे दोन कारागीर हात टेकून निघून गेले होते. मग काकांनी पुतणीला निरोप धाडला. त्या भिंतीची खोड तिच्या वडिलांना ठाऊक होती आणि ती त्यांनी तिला लहानपणीच दाखवली होती. आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे काकांना, दाखवली नव्हती, कारण काकांना तेव्हा भिंतीकडे बघायला सवडच नसे.

एकोणीस वर्षांपूर्वी वडील गेले आणि महिन्याच्या आत काकांनी कारखान्याचं कुलूप बदललं. वडिलांची हत्यारांची पेटी मागायला आई आली. "पेटी कारखान्याची आहे, वहिनी," एवढं म्हणून काकांनी तिच्या तोंडावर दार सरकवलं. रागानं आपटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्यांनी ते सावकाश सरकवलं, चाक रुळावरून घसरू नये म्हणून. आईच्या शेजारी सतरा वर्षांची ती उभी होती. पुढे लोकांचे कपडे शिवता शिवता आईचे डोळे गेले, आणि हिनं एकेक पटाशी जमवत दारं बसवण्याचा धंदा उभा केला. विसरली मात्र काहीच नाही.

त्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, काकांचं लाकूड रचलेलं होतं. आठ वर्षं सावलीत वाळवलेल्या रुंद फळ्यांची डोक्याइतकी उंच थप्पी. काका ती विकत नसत, आल्यागेल्याला नुसती दाखवत. फटीतून येणारं पाणी थेट थप्पीखाली शिरणार होतं. बुरशी खालून चढते, दोन पावसाळे कुणाला वाससुद्धा येत नाही. मग एक दिवस काका फळी उचलायला जाणार आणि हातात भुगा येणार. हे चित्र तिनं आठ दिवस मनात चघळलं होतं. त्याची गोडी काही कमी होत नव्हती.

"झालं का गं?" काका मागे येऊन उभे राहिले.

"झालं. पाणी मारून बघू. तुम्ही आत थांबा, कुठं आलं तर खडूनं खूण करा."

बाहेरच्यानं नळी धरायची, आतल्यानं बघायचं, आणि आतला बोलेपर्यंत नळी हलवायची नाही, अशी तिच्या वडिलांची शिस्त होती. काकांचे गुडघे धरलेले होते. थप्पीमागे ते वाकून बघणार नाहीत, हे तिनं पहिल्याच दिवशी हेरलं होतं. काका आत गेले आणि तिनं दार ओढून घेतलं.

"वरची बाजू?"

"कोरडी."

"मधला सांधा?"

"कोरडा. चल पुढे."

तिनं धार पश्चिमेच्या कोपऱ्यावर धरली.  आतून काहीतरी फरफटल्यासारखं वाजलं. नळी धरून तिचा हात अवघडला.

"काका?"

"कोरडं आहे."

आवाज खालून आला होता, तिच्या गुडघ्याजवळून, पट्टीच्या अगदी पलीकडून.

तिनं नळी फेकली आणि दार सरकवलं. काका थप्पीमागे पाय पसरून जमिनीवर बसले होते. पाणी त्यांच्या विजारीखालून वाहत फळ्यांखाली शिरत होतं. खडू खिशात जसाच्या तसा होता.

"हे कोरडं?"

"तू पट्टी लावलीस तेव्हाच कळलं मला," काका म्हणाले. "मागे रबर नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझं काही चुकलं नाही. भिजू दे लाकूड, सडू दे." त्यांनी ओल्या हातानं तोंड पुसलं. "एकदाचं होऊन जाऊ दे. तू मोकळी, मी मोकळा. मग येत जा गं घरी अधूनमधून."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आईच्या डोळ्यांच्या बदल्यात एक थप्पी, आणि वर येणंजाणं चालू! म्हातारा किती स्वस्तात सुटत होता! आणि ती किंमत तिनंच ठरवली होती, हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

ती टेंपोकडे गेली, रबर घेऊन आली आणि स्क्रू उलटे फिरवू लागली.

"असू दे गं," काका म्हणाले.

"उठा. फडकं घ्या आणि फळ्यांखालचं पाणी टिपून काढा."

"पोरी, राहू दे म्हणतोय ना मी."

"एवढ्याशा पाण्यात सुटका नाही तुमची."

काका दाराला धरून कसेबसे उठले. तिनं मदत केली नाही. भिंतीच्या पोटाप्रमाणे तिनं रबर कापलं, लावून पाहिलं, काढलं, कड आणखी केसभर तासली, पुन्हा लावलं. इतकं जीव ओतून तिनं आजवर कुणाचंच काम केलं नव्हतं. काकांचं टिपून झाल्यावर तिनं दार ओढलं आणि धार त्याच कोपऱ्यावर धरली.

"काका?"



"कोरडं," आतून कसाबसा आवाज आला.

"ऐकू आलं नाही."

"कोरडं आहे," काका मोठ्यानं म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज फाटला.

तिनं नळीचं तोंड दाबून धार आणखी जोरात केली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.