सुकेळवाल्यांचा बेसिल

माझा नवरा ऑस्कर बातम्या छापतो. आधी कागदावर पाक्षिक काढायचा, आता वेबसाइट चालवतो. नाव तेच, 'वेस'. आगाशीपासून राजोडीपर्यंत कुणाची विहीर आटली, कुणाची पोरगी सीए झाली, कुणाला पोलिसांनी उचललं, सगळं त्यात येतं. लोक त्याला संपादक म्हणतात, मी उंटावरचा शहाणा म्हणते. त्याचा त्याला राग येत नाही. रागवायला आधी दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

एका गोष्टीचा त्याला फार अभिमान. छापलेली बातमी त्याने कधी काढली नाही. वेबसाइट झाल्यापासून कुणी ना कुणी आमच्या ओटीवर येऊन बसलेलं असतंच. "अंकल, ती मारामारीची जुनी बातमी तेवढी काढा ना, पोराचं लग्नाचं बघतोय." ऑस्कर त्याला चहा पाजतो आणि नाही म्हणून सांगतो. "बातमी खोटी आहे का? नाही ना? मग राहू दे. आज तुझी काढली तर उद्या बिल्डर येईल, परवा नगरसेवक. मग मी काय नुसत्या चर्चमधल्या मिस्सेच्या वेळा छापू?" हे त्याचं मला पटायचं. तोंडावर कधी म्हटलं नाही. आधीच हवेत असतो.

गेल्या पावसाळ्यानंतर विहिरीकडचा बेसिल आला. इथे जरा थांबून सांगायला हवं. आमच्या गावात बेसिल लोपीस तिघं आहेत. पूर्वी शाळेला बेसिल नावाचे हेडमास्तर होते, सगळ्यांचे लाडके. ते निवृत्त झाले तेव्हा जन्मलेल्या निम्म्या पोरांचा बाप्तिस्मा त्यांच्याच नावाने झाला. आडनाव तर अख्ख्या आळीचं एकच. तरी आमचा घोटाळा होत नाही, कारण घराला नाव असतं. विहिरीकडचे, पिंपळाखालचे, सुकेळवाले. पोस्टमनसुद्धा तेच विचारतो. सुकेळवाले म्हणजे पूर्वी केळी सोलून, उन्हात सुकवून, पानात बांधून विकणारे. ते माझं माहेर.

विहिरीकडचा बेसिल शाळेची बस चालवतो. पोरगा इतका साधा की हॉर्न वाजवतानाही लाजतो. त्या दिवशी दुपारी चार वाजता, ऐन शाळा सुटायच्या वेळी, तो आमच्या ओटीवर होता, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. त्याने फोन ऑस्करपुढे धरला. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी 'वेस'ची नऊ वर्षांपूर्वीची बातमी टाकली होती. राजोडीच्या किनाऱ्यावर एकाने दारू पिऊन गाडी रेतीत घातली, कणसं भाजून विकणाऱ्या शकू नावाच्या बाईला उडवलं आणि पळून गेला. बाई जागीच गेली. आरोपी बेसिल लोपीस, वय सत्तावीस, आमच्या गावाचा.

"अंकल, ही बातमी काढा. तो मी नाही."

"मला ठाऊक आहे," ऑस्कर म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे. शाळेतल्या आईबापांना नाही. ते विरारच्या टॉवरमधले. त्यांनी नाव टाकलं, गाव टाकलं, वय मोजलं. शाळेने सांगितलं, तू तो नाहीस हे पालकांना पटव, तोवर घरी बस. पोलिसांचा दाखला आणून दिला. तर म्हणाले, दाखले काय, मिळतात."

ऑस्करने त्याचं नेहमीचं कीर्तन लावलं. बातमी खरी आहे, मेलेल्या बाईचा तो हक्क आहे, खरं ते खरं. बेसिल खाली मान घालून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी, असं झालंय अंकल. मी घरी बसून तुमच्या सगळ्या जुन्या बातम्या वाचल्या. दुसरं काय करणार? तुम्ही प्रत्येक बातमीत घराचं नाव घालता. विहिरीकडचे फ्लॉईड लोपीस यांचा सत्कार. पिंपळाखालच्या अमक्याला गावठी दारूत अटक. फक्त या एका बातमीत नाही घातलं."

ऑस्करने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. काचा स्वच्छ होत्या.

गाडी चालवणारा बेसिल सुकेळवाल्यांचा. माझ्या भावाचा, बॅप्टिस्टचा, एकुलता एक मुलगा. त्याने शिक्षा भोगली, सुटून आला, दारू सोडली, गाडीच्या चावीला पुन्हा हात लावला नाही. सायकलवर फिरतो, वाडी करतो. बॅप्टिस्ट त्या धक्क्यानेच गेला. गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. आमच्याकडे गुन्हा असा विसरतात. विसरत नाहीच खरं तर, फक्त तोंडावर आणत नाही. त्याची मुलगी स्टेफी तेव्हा बालवाडीत होती, आता आठवीत आहे. तिला बापाने एवढंच सांगितलंय की तो काही दिवस बाहेरगावी होता.

"बघतो," ऑस्कर म्हणाला. लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

बेसिल गेल्यावर मी विचारलं, "का नाही घातलंस घराचं नाव?"

"तू तेव्हा जेवत नव्हतीस," तो म्हणाला. "आणखी काय करायला हवं होतं मी?"

मला त्याचा राग आला आणि मायाही आली, दोन्ही एकदम. एवढी वर्षं हा माणूस गावाला सत्याचे धडे देत होता आणि दिव्याखाली अंधार माझ्यासाठी ठेवला होता. मी आत जाऊन भात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटी वहिनी आली, बॅप्टिस्टची बायको. गावात गोष्टी कशा पसरतात ते विचारू नये. हातात सुकेळ्यांचं पुडकं होतं. बेटी वहिनी कामाशिवाय पुडकं आणत नाही.

"ऑस्कर, ती बातमी काढून टाक," बसता बसताच तिने सांगितलं. "विहिरीकडच्याचं भलं, आमचंही भलं. बटण तर दाबायचं."

आणि माझा नवरा, ज्याने आमदाराच्या माणसालाही चहा पाजून परत पाठवलं होतं, तो म्हणाला, "काढतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. सगळेच सुटत होते. जिच्याबद्दल बातमी होती ती तर विचारायला येणार नव्हती.

पण ऑस्कर शेवटी ऑस्करच. म्हणाला, "आपली निघेल. पण दुसऱ्या दोन साइटनी ती उचलून छापलीय, ग्रुपवर फोटो फिरतायत. ते माझ्या हातात नाही. पोराला त्याचा काय उपयोग होईल, सांगता येत नाही."

"त्यात कुठे आमच्या घराचं नाव आहे?" वहिनी म्हणाली. "त्या राहू देत. आमच्या सुनेच्या फोनवर ती बातमी आली तेव्हा आम्ही दोघी श्वास धरून बसलो होतो. चार दिवस ग्रुपवर तेच चाललं होतं. पण कुणी आमच्याकडे बोट दाखवलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. स्टेफी त्याच शाळेत जाते, त्याच बसने. तिची आई, म्हणजे वहिनीची सून क्लेमेंटीन, त्याच ग्रुपवर आहे.

"म्हणजे ते लोक त्याला खुनी म्हणत होते," मी विचारलं, "आणि तुम्ही वाचत होतात?"

"मग काय लिहायचं होतं? तो नव्हे, आमचा आहे म्हणून?"

"हो."

"तुला मुलंबाळं नाहीत, ॲंजेला. तुला नाही कळायचं."

हे ती मला लग्नानंतरच्या पाचव्या वर्षापासून ऐकवते. एरवी मी गिळते. त्या दिवशी नाही गिळलं. "मूल नाही, पण डोळे आहेत," मी म्हटलं. "गावाने तुमच्यावर पांघरूण घातलं ते तुमच्या पोराने शिक्षा भोगली म्हणून. दुसऱ्याच्या पोराला ती भोगायला लावा, असं कुणी सांगितलं नव्हतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं होय?"

वहिनीने पुडकं उचललं आणि ती निघून गेली. दाराशी वळून ऑस्करला म्हणाली, "तू शब्द दिलायस."

ऑस्कर कॉम्प्युटरपुढे बसला. "मी काढतो, ॲंजेला," तो म्हणाला. "माझी तत्त्वं गेली खड्ड्यात. तुझं माहेर आहे ते."

"काढायची नाही," मी म्हटलं. "खाली लिही. मी सांगते तसं."

त्याने लिहिलं. या बातमीतला बेसिल लोपीस हा सुकेळवाले घरातला, दिवंगत बॅप्टिस्ट यांचा मुलगा. विहिरीकडचे बेसिल लोपीस, जे शाळेची बस चालवतात, त्यांचा या गुन्ह्याशी काडीचाही संबंध नाही. आरोपी हा संपादकांच्या पत्नीचा भाचा असल्यामुळे त्या वेळी घराचं नाव देण्यात आलं नव्हतं. शेवटच्या वाक्याशी त्याची बोटं अडली. "हे हवंच का?" मी म्हटलं, "घाल. मेलेल्या बाईचा हक्क की काय ते तूच म्हणतोस ना." घातलं. संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांनी वाचलं होतं. रविवारी मिस्सेत आजूबाजूच्यांना शांतीचा हात द्यायची वेळ आली तेव्हा पुढच्या बाकावरची बेटी वहिनी वळलीच नाही.

आणि एवढं करून उपयोग काय झाला? शून्य. विहिरीकडचा बेसिल पुन्हा येऊन ओटीवर बसला. त्याने खुलासा पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. एकाने विचारलं होतं, सुकेळवाले म्हणजे काय, मसाल्याचा ब्रँड आहे का? दुसरीने लिहिलं होतं, नाव तेच, गाव तेच, आता घर वेगळं सांगतात, संपादक ओळखीचा असणार. आम्ही दोघं शहाणे. घराचं नाव सांगितलं की जगाला कळतं, असं आमच्या गावाबाहेर कुणाला वाटत नाही हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं माहेर तुटलं आणि बस उभी ती उभीच.

त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर आमचा बेसिल सायकलवरून आला. विहिरीकडचा अजून बसलेलाच होता. मला वाटलं आता भांडण होणार. आमचा बेसिल उभ्याउभ्याच बोलला, पण माझ्याशी नाही, त्याच्याशी.

"ग्रुपवरचं मला कुणी सांगितलं नव्हतं. काल क्लेमेंटीनचा फोन बघितला. एवढी वर्षं मला वाटायचं, लोक विसरले. विसरले नव्हते. फक्त माझ्या वाट्याचं तुला मिळत होतं."

विहिरीकडचा काहीतरी पुटपुटला, जाऊ दे किंवा तसलंच. त्याला दुसरं काही बोलता येत नाही.

"नाही जाऊ द्यायचं," आमचा बेसिल म्हणाला आणि ऑस्करकडे वळला. "अंकल, नुसत्या नावाने त्यांना काय कळणार? माझा फोटो लावा. आत्ताचा लावा. त्याचाही लावा शेजारी. म्हणजे आंधळ्यालाही कळेल."

"स्टेफी बघेल," मी म्हटलं.

"तिला सांगून आलोय."

"काय म्हणाली?"

"दार लावून घेतलं."

ऑस्करने फोन हातात घेतला आणि परत खाली ठेवला. मग मीच घेतला. बेसिलला चुन्याच्या भिंतीपुढे उभा केला. शर्टाचं वरचं बटण लावायला सांगितलं, केसात वाळलेलं पान होतं ते काढलं. लहानपणी चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या दिवशीही तो असाच ताठ उभा राहिला होता आणि त्याचा बाप मागून हसत होता. मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता, कारण उजेड चालला होता. मी बटण दाबलं.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले. आमच्या बेसिलच्या फोटोखाली हजारभर लोकांनी जे लिहिलं ते मी सांगणार नाही. ऑस्करने त्यातलं एकही काढलं नाही. बेसिलनेच तसं बजावलं होतं. शाळेने विहिरीकडच्याला कामावर परत घेतलं, माफी वगैरे न मागता. बेटी वहिनी माझ्याशी बोलत नाही. बोलेल असंही वाटत नाही.

स्टेफी तीन दिवस शाळेत गेली नाही. चौथ्या दिवशी गेली. बाप दप्तर घेऊन नाक्यापर्यंत तिच्या मागे मागे गेला. बस आली, दार उघडलं, तसं तिने दप्तर त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि चढली. त्याच्याकडे बघितलंही नाही. पण आत पाय ठेवल्यावर स्टिअरिंगपाशी थांबली आणि विहिरीकडच्याला म्हणाली, "सॉरी, अंकल. ग्रुपवर ते आलं तेव्हा मी आई आणि आजीचं बोलणं ऐकलं होतं, तो तुम्ही नाही हे मला माहीत होतं. मी पण गप्प बसले होते."

हे मला विहिरीकडच्या बेसिलनेच येऊन सांगितलं. तिच्या बापाला अजून कुणी सांगितलेलं नाही.