चकत्यांवरची नावं

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर संध्या घरी न जाता मस्कतच्या बौशर भागातून थेट अल खौदला गेली. पर्समध्ये तळहाताएवढी लाकडी चकती होती. धाकट्या बहिणीचं, तृप्तीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि अशा सत्तर चकत्यांवर पाहुण्यांची नावं लिहून त्या जेवणाच्या टेबलांवर ठेवायच्या होत्या. लिहिणार कोण, हे घरात कुणी विचारलंच नाही. "संध्याचं अक्षर छान आहे," असं आई म्हणाली आणि विषय संपला. हॉलचं बुकिंग, नागपूरच्या पाहुण्यांचे व्हिसा, लग्न लावणाऱ्या भन्तेजींना न्यायला-आणायला गाडी, हे सगळंही असंच तिच्या अंगावर पडलं होतं. एक्केचाळीस वर्षांची, बिनलग्नाची मोठी बहीण म्हणजे मोकळीच, असं सगळे धरून चालले होते.

तिथे युनिव्हर्सिटीजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात नूरबानू काम करायची. मूळची चिपळूणची, त्यामुळे तिच्याशी मराठीत बोलता यायचं. तिने काउंटरवर सात-आठ पेनं मांडली.

"मागच्या बाजूला लिहून बघा ताई. लाकूड शाई पितं."

साध्या मार्करने लिहिलेला 'तृ' बघता बघता रेषांमधून पसरला. जेल पेन तंतूंना अडखळत गेलं, अर्धं उमटलं, अर्धं नाही. पांढरं पेंटचं पेन खळखळ हलवून, टोक दाबून लिहावं लागत होतं. रंग छान बसला, पण टोक जाड, वेलांट्या एकमेकींत गुंतल्या. शेवटी बारीक टोकाचं पक्क्या शाईचं काळं पेन तिच्या मनासारखं चाललं.

"वरून वॉर्निश मारणार का?" नूरबानूने विचारलं. "मारणार असाल तर पेंटचंच घ्या. ही शाई वॉर्निशने सुटते."

"नाही, तशाच ठेवणार आहोत."

काळी चार पेनं घेऊन ती निघाली. गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायच्या आधी पाच मिनिटं ती नुसतीच बसून राहिली.

शुक्रवारी सकाळी सातला तिने लिहायला घेतलं. जेवायच्या वेळेपर्यंत सत्तर नावं झाली. बोटं आखडली होती, मान वळत नव्हती. ती खोलीत जाऊन आडवी झाली.

जाग आली ती उग्र वासाने.

बाल्कनीत अश्विन उकिडवा बसला होता. हा तृप्तीचा होणारा नवरा, सलालाहच्या बंदरावर इंजिनियर. कालच मस्कतला आला होता. हातात ब्रश, शेजारी वॉर्निशचा डबा. सगळ्या चकत्या त्याने एका दमात रंगवून काढल्या होत्या, आणि ओळीने मांडलेली नावं आता काळपट डाग झाली होती.

"ताई, मला वाटलं चमकतील जरा," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पहिल्या ओळीत काही कळलंच नाही. नंतर बघितलं तर..."

आई, लीलावतीबाई, कपाळावर हात मारून उभी होती. तृप्ती दारात. दोघींनी वळून संध्याकडे पाहिलं. आता ही काहीतरी करेल, अशा नजरेने.

संध्या खुर्चीत बसली. ओरडावं एवढंही त्राण नव्हतं.

"मी दमलेय," ती म्हणाली.

"अगं, आपण सगळेच दमलोय," आई म्हणाली. "पण लिहायला तर..."

"आई, मी खूप दमलेय. आजची नाही, कधीची." तिचा आवाज चढला नव्हता.

संध्याने एक चकती उलटली. मागची बाजू कोरी होती. पेन तिने अश्विनच्या हातात ठेवलं, यादी तृप्तीपुढे सरकवली.

"मी?" अश्विन घाबरलाच. "ताई, माझं मराठी... शाळेत हिंदी होतं, तेही दहावीपर्यंत. अक्षर तर विचारूच नका."

"विचारत नाही. लिही."

"पाहुणे काय म्हणतील!" आईला राहवेना.

"जावयाचं अक्षर वाईट आहे म्हणतील. खरंच तर आहे ते."

तृप्ती फिस्सकन हसली आणि जमिनीवर बसली. संध्याने खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर दोघांचं इंग्रजीत काहीतरी चालू होतं, मध्येच "अरे, काना विसरलास" ऐकू आलं. मग काहीच ऐकू आलं नाही.

सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानने ती जागी झाली. किती महिन्यांनी अशी झोप लागली होती. बाहेर आली तर चाळीसेक चकत्या झाल्या होत्या. 'मधूवंती' तिरकी जाऊन कडेला थांबली होती. 'भिमराव' ऱ्हस्व होते. आई चहा टाकत होती.

"ताई, जयप्रकाशचा 'प्र' कसा काढू?" अश्विनने पेन पुढे केलं.

संध्याने पेन घेतलं नाही. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

"प काढ. त्याच्या पोटात खालून एक तिरकी रेघ," ती म्हणाली. "चुकली तरी चालेल."