फ्रिस्कोहून नॉर्वेला जाणारा लाल कोट

मी एक जुना लाल कोट आहे आणि मला माझीच किळस येते. मित्रांनो, आत्मवृत्ताची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. पण माझ्या कॉलरला एकदा नाक लावा, मग बोला.

माझ्या पोटात बदकाची पिसं भरलेली आहेत. ती फुललेली असली की माणसाची ऊब अडवून धरतात. तेवढंच माझं काम. अमेरिकेतल्या फ्रिस्को गावच्या प्रताप काकांनी मला नॉर्वेच्या सहलीसाठी घेतलं, कारण टेक्सासात असला जाडजूड कोट कुणाकडे असणार? परत आल्यावर काकूंनी आतलं लेबल वाचून मला धुतलं. मग ड्रायरमध्ये माझ्याबरोबर टेनिसचे चार चेंडू टाकले, पिसं मोकळी व्हावीत म्हणून. तो मार खाताना मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. काका म्हणाले, "मायनस पंधरात मला घाम फुटला होता या जॅकेटमध्ये." मी किती दिवस त्याच तोऱ्यात होतो.

ती माझी पहिली आणि शेवटची आंघोळ.

पुढच्या वर्षी गावातल्या मराठी ग्रुपवर मेसेज आला, नॉर्वेला चाललोय, कुणाकडे थंडीचं जॅकेट आहे का? काकांनी मोठ्या मनाने मला दिलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी कुणा ना कुणाच्या अंगावर बसून नॉर्वेला जातो. एका आठवड्यासाठी कोट कशाला विकत घ्यायचा? यात माझी तक्रार नाही. पण घेणाऱ्याला वाटतं, आधीच्याने धुतला असेल. देणाऱ्याला वाटतं, पुढचा धुऊन घेईल. असे नऊ हिवाळे गेले.

त्यात ही मंडळी स्वस्तात फिरणारी. स्वस्त विमानात एकच पिशवी नेता येते, म्हणून उरलेलं सगळं माझ्या खिशांत. सिद्धेशने धपाटे, चिवडा आणि लोणच्याची बाटली कोंबली. बाटली ओस्लोपर्यंतसुद्धा टिकली नाही आणि तेल थेट माझ्या पिसांत उतरलं. वीरने आठवडाभर वाहतं नाक माझ्या बाहीला पुसलं. शी! राजने मला विमानतळाच्या फरशीवर अंथरलं आणि वर बूट घालून झोपला. आणि परत देताना प्रत्येकाने अत्तर फवारलं. लोणचं, घाम आणि वर गुलाब. मला मळमळतं, पण कोटाला ओकता येत नाही.

तेलाने पिसांच्या गुठळ्या झाल्या. पाठीवर नुसतं कापड उरलं. बाहेरून कुणाला कळत नव्हतं.

या जानेवारीत नकुलने मला त्याच्या वडिलांसाठी नेलं. प्रल्हादराव एकाहत्तर वर्षांचे, नागपूरहून मुलाकडे आलेले. बर्फात चालायची त्यांना फार हौस होती. ट्रोम्सो गावाबाहेर भर दुपारी आम्ही बसची वाट बघत उभे होतो.

"टॅक्सी करू या का?" सून आश्लेषा म्हणाली.

"येईल यार बस दहा मिनिटांत," नकुल म्हणाला.

बस चाळीस मिनिटं आली नाही. वारा माझ्या पाठीतून आत शिरत होता. मला तो कळत होता, अडवता येत नव्हता. प्रल्हादराव थरथरत होते.

"बाबा, थंडी वाजते का?"

"नाही रे. कोट छान आहे."

मुलाला आपल्यामुळे टॅक्सी करावी लागू नये, म्हणून ते खोटं बोलले. मग त्यांची थरथर थांबली. मला वाटलं, चला, ऊब आली. मी मूर्ख. अंग पार गारठलं की थरथरसुद्धा थांबते, हे मला कुठे ठाऊक होतं? ते काहीतरी पुटपुटले, पण जीभ वळेना. आश्लेषाने त्यांचा हात धरला आणि नकुलला न विचारता रस्त्यात उभी राहून एक गाडी थांबवली. प्रल्हादराव दोन दिवस दवाखान्यात होते. वाचले.

फ्रिस्कोला परतल्यावर आश्लेषा म्हणाली, "हे जॅकेट फेकून दे. आणि काकांना खरं काय ते सांग."

"काय सांगू? बाबांना बसस्टॉपवर गारठवलं म्हणून? सगळा ग्रुप नावं ठेवेल."

त्याने माझ्यावर अत्तर मारलं आणि ग्रुपवर लिहिलं, थँक्यू काका, जॅकेट एकदम सुपर वॉर्म. इतकी घाण वाहिली मी अंगावर, पण या शब्दांएवढी किळस मला कशाचीच आली नाही. लगेच दीपाचा मेसेज आला: ग्रेट, आईला घेऊन नॉर्वेला चाललेय, उद्या पिकअप करते.

आत्ता मी दीपाच्या गाडीत आहे. तिच्या आईने मला मांडीवर घेतलंय. "किती जाड आहे गं," असं म्हणत ती माझ्यावरून हात फिरवतेय. मित्रांनो, उसनी आणलेली वस्तू धुऊन परत करा, आणि ती बिघडली असेल तर तोंड उघडून सांगा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. तुमच्यापैकी कुणी या दीपाला ओळखत असेल, तर तिला आजच फोन करा. त्यांचं विमान शुक्रवारी आहे.