शेवटच्या ओळीतला 'दू'

हाउग्ली सर सकाळपासून एका जागी बसले असतील तर शपथ. खुर्चीवरून खिडकीपाशी, खिडकीपासून कपाटापाशी, परत खुर्ची. बाहेर अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा बर्फ आणि आत हा माणूस. बघून बघून मलाच गरगरायला लागलं.

मी सुनेत्रा, त्यांची सहसंपादक. मूळची नागपूरची. जगात इतक्या भाषा असताना नॉर्वेजियनच का शिकलीस, हे नातेवाईक अजून विचारतात. सर मूळचे नॉर्वेचे. त्यांची उभी हयात इथल्या विद्यापीठात गेली, आणि तीही एकाच कवयित्रीपायी. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पाद्र्याची बायको. तिच्या समग्र कवितांचा शेवटचा खंड आज प्रेसला जायचा होता आणि एका शब्दावर अडला होता.

जुन्या नॉर्वेजियनमध्ये 'दी' म्हणजे आपलं अहो-जाहो, आणि 'दू' म्हणजे अरे-तुरे. या खंडातल्या एका कवितेत ही बाई मेलेल्या नवऱ्याला सतत 'दी' म्हणते. आजवरच्या छापील प्रतींत शेवटच्या ओळीतही 'दी'च होतं. त्यावर सरांनी तरुणपणी अख्खं पुस्तक लिहिलं: हा संसार थंडगार होता, नवरा मेल्यावरही ती त्याला परकीच राहिली. त्या पुस्तकानं त्यांना नाव दिलं, नोकरी दिली. आता तिच्या हातची प्रत सापडली होती, आणि तिच्यात शेवटच्या ओळीत स्वच्छ 'दू' होतं. कुणा मुद्रकानं आपल्या अकलेनं ते 'सुधारलं' होतं.

"तिचा हात चुकला असेल," सर म्हणाले. सकाळपासून कितव्यांदा, देव जाणे.

तेवढ्यात प्रेसमधून अनीशचा फोन आला. जन्मानं इथलाच, पण माझ्याशी हट्टानं मराठी बोलतो. "सुनेत्राताई, फाइल आज अपलोड नाही केली तर प्रिंट स्लॉट कॅन्सल होईल. सरांना थोडं पुश करा ना, प्लीज."

मी फोन ठेवला तोवर सरांचं ठरलं होतं. "'दी' ठेव. 'दू'चा उल्लेख तळटीपेत कर."

मला राग आला. लेखकानं लिहिलंय ते छापायचं, आपल्याला हवं ते नाही, हे मला याच माणसानं शिकवलं होतं.

"माझ्या आईनं बाबांना जन्मभर 'अहो' म्हटलं," मी म्हणाले. "बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलात त्यांचा दंड हलवत म्हणाली, 'अरे, ऊठ ना. ऊठ ना रे.' आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो."

"दुःखात जीभ घसरली असेल."

"नाही," मी जरा जोरातच म्हणाले.

"मग आधी कधी का नाही म्हणाली?"

"म्हणतही असेल. आमच्यासमोर नाही, इतकंच."

सर थबकले. मग कॉम्प्युटरशी बसले, 'दी' खोडून 'दू' केलं, आणि तळटीपेत स्वतःच्या पुस्तकाचं नाव घालून लिहिलं की त्यातला निष्कर्ष चुकीचा आहे. मी लगेच फाइल पाठवून दिली.

आता तरी हा माणूस स्वस्थ बसेल असं वाटलं. पण ते उठले आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू.

"आता कसली तगमग, सर? तिला तिचा शब्द मिळाला ना?"

"तिला मिळाला," ते म्हणाले. "आमच्याकडे आता 'दी' कुणी म्हणतच नाही. मारितला मी पहिल्या भेटीपासून 'दू' म्हणत आलो."

मारित म्हणजे त्यांची बायको. ऑक्टोबरात गेली.

"शेवटी तिच्या उशाशी बसलो होतो," सर म्हणाले. "याहून जवळचं काही म्हणायचं होतं. शब्दच नव्हता."