बयचं नाव

आई गेली आणि धाकूपुढं एकच काम उरलं: बयला घरी आणायचं. बय म्हणजे त्याची थोरली बहीण. मिशनच्या वसतिशाळेत तापानं मेली, तिथंच पुरली. आईला प्रेत कुणी दाखवलं नाही, म्हणून आईनं तिला कधी मेलेल्यांत धरू दिलं नाही. माझी पोर येईल म्हणायची आणि झोपडीचं दार उघडं ठेवायची.

बोरिवलीच्या डोंगरातल्या त्या वारली पाड्यावर, माणूस मेलं की भगत तांदळाच्या ढिगल्या मांडून त्याला नावानं हाक मारतो. हाक पोचली तर ते घरच्या देवांत येऊन बसतं. नाही पोचली तर रानोमाळ भटकतं. शेजारच्या पाड्यावरचा भगत म्हणाला, आईबरोबर बहिणीलाही बोलावू, नाव सांग.

धाकूला नाव ठाऊकच नव्हतं. हसू नका. थोरल्या बहिणीचं नाव धाकट्यानं घ्यायचं नाही, बय म्हणायचं, ही त्यांची रीत; आईच्या तोंडीही नुसतं माझी पोर. देवीच्या साथीत बाप आणि म्हातारीकोतारी सगळी गेली, तेव्हा पोरांना दोन घास मिळतील म्हणून आईनं दोघांना शाळेत नेऊन सोडलं. आगीतून फुफाट्यात. धाकू तेव्हा जेमतेम बोलत होता. तिथं बयचे केस कापले आणि तिची ग्रेस केली, शाळेच्या वहीतही तेवढंच लिहिलं. जुनं नाव कुणी घेतलं, घरची बोली तोंडातून निघाली, की ओल्या छडीनं तळहात फोडायचे. आणि संध्याकाळी त्याच हातांनी प्रार्थना करायला लावायचे. इंग्रज गेला, स्वराज्य आलं, शाळा तशीच उभी आहे.

धाकू गावठाणात सिसिलियाबायकडे गेला. म्हातारी तेव्हा शाळेत स्वयंपाक करायची. तिनं त्याला ओळखलं आणि डोळ्यांना पदर लावला. पोर लाकडांच्या ढिगामागं कशी अंग चोरून बसायची, शेवटी तापात असतानाही तिला कोठीत कसं कोंडलं, सगळं सांगितलं. नाव मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

"नाय रे पोरा. आमाला ग्रेसच सांगितलं, आमी ग्रेसच म्हनायचो."

धाकूला तिचा राग आला, पण रडणाऱ्या म्हातारीवर रागावून काय करणार? तो तसाच उठला.

विधीच्या दिवशी भगतानं आईला हाक मारली, तिच्या ढिगलीवर दिवा ठेवला आणि दुसऱ्या ढिगलीशी थांबला. बय म्हणूनच बोलाव, धाकू म्हणाला. भगतानं मान हलवली. बय घरोघरी असते, ओ कुठली देईल?

"शालेत काय तरी नाव ठेवलेलं ना? तेच सांग," भगत म्हणाला. "कशानं तरी येऊं दे तिला."

धाकूच्या तोंडाशी ते नाव आलं होतं. त्याला ते उच्चारवेना.

"नको," तो म्हणाला. "त्या नावानं हाक आली का ती लपायची."

भगतानं दुसरी ढिगली हातानं मोडली आणि तांदूळ पुन्हा सुपात भरले. देवांत आई एकटीच बसली.